कॅज्युअल्टीतून घरी पाठवताना: ताप-खोकल्याच्या पेशंटसाठी नव्या डॉक्टरांना मार्गदर्शन

पावसाळा सरत आला की, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च, कॅज्युअल्टीत संध्याकाळनंतर एकच तक्रार घेऊन रांग लागते: ताप, खोकला, अंग मोडून येतंय, घसा बसलाय. फ्लू असेल, कोविड असेल, लहान मुलांत आरएसव्ही हा श्वसनाचा विषाणू असेल. यांतले बहुतेक जण घरीच बरे होतात आणि त्यांना घरीच पाठवायचं असतं. मोजके काही मात्र पुढच्या दोन-तीन दिवसांत बिघडतात. आज तुमच्यासमोर स्टुलावर बसलेला माणूस त्या मोजक्यांपैकी आहे का, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

हा लेख नुकतीच ड्युटी लागलेल्या इंटर्नसाठी आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रुजू झालेल्या नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल आणि तुमचे सीनियर यांचं म्हणणं अर्थातच आधी. माझं सांगणं एवढंच आहे की घरी पाठवणं हाही उपचार आहे आणि त्याला ॲडमिशनइतकीच तयारी लागते. पेशंट आत्ता कसा आहे हे बघायचंच. पण तो उद्या रात्री बिघडला तर घरात ते कुणाच्या लक्षात येईल आणि तो किती वेळात परत इथे पोहोचेल, याचंही उत्तर हातात असल्याशिवाय डिस्चार्जवर सही करू नका.

आधी मास्क, मग प्रश्न

खोकणाऱ्याला दारातच मास्क द्या, शक्य असेल तर खिडकीजवळच्या बाकावर बसवा, स्वतःही मास्क घाला. बाजूच्या खाटेवर डायलिसिसचा किंवा केमो चालू असलेला पेशंट असू शकतो.

पायरी १: आजाराचा कितवा दिवस?

‘कधीपासून?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘दोन-चार दिवसांपासून’. त्या उत्तरावर थांबू नका. ‘आठवडी बाजाराच्या दिवशी ताप होता का? सोमवारी कामावर गेला होतात का?’ असं विचारलं की पहिला दिवस नेमका सापडतो. तो केस पेपरवर तारखेने लिहा.

एवढा आग्रह यासाठी की पुढचा सगळा अंदाज त्या तारखेवर अवलंबून आहे. फ्लूच्या ऑसेल्टामिविर या विषाणूरोधक औषधाचा सर्वांत जास्त फायदा पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यावर होतो. आरएसव्हीने श्वासनलिका सुजलेलं तान्हं बाळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त त्रासात असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी बरं दिसणारं बाळ अजून चढणीवर आहे. कोविडमध्ये आपण २०२० आणि २०२१ साली पाहिलं की पहिला आठवडा बरा गेलेली माणसं दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी ऑक्सिजनवर जात होती. आणि ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा थंडी वाजून ताप आला, खोकला वाढला, असा इतिहास असेल तर विषाणूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला असेल असं धरून छाती नीट तपासा आणि एक्स-रे काढा. असा पेशंट ‘व्हायरल आहे’ म्हणून परत पाठवायचा नसतो.

पायरी २: हा खरंच श्वसनाचा विषाणूच आहे ना?

सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, विदर्भात स्क्रब टायफस असे सगळेच ताप एका रांगेत उभे असतात. खोकला-सर्दी नाहीच, नुसता ताप आणि अंगदुखी असेल तर मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी झाल्याशिवाय ‘व्हायरल’ लिहू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकी क्षयरोगाच्या तपासणीला पाठवा, ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. साठीच्या पुढच्या माणसाचा खोकला रात्री आडवं झाल्यावर वाढत असेल आणि पायांवर सूज असेल तर हृदयाकडे बघा, ईसीजी काढा. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल आणि अचानक दम लागला असेल, तर फुप्फुसात गुठळी गेल्याची शंका घ्या.

पायरी ३: श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट

केस पेपर चाळा. श्वासाचा वेग बहुतेक ठिकाणी १८ किंवा २० लिहिलेला दिसेल, कारण तो मोजलेलाच नसतो. आणि बिघडणाऱ्या पेशंटमध्ये बऱ्याचदा सगळ्यांत आधी बदलतो तो हाच आकडा. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरा, नजर छातीवर ठेवा आणि घड्याळ लावून ६० सेकंद मोजा. पेशंटला सांगून मोजलं की त्याचा श्वास बदलतो. मोठ्या माणसात २४ किंवा जास्त आला तर तो घरी जाणारा पेशंट राहत नाही. २० ते २४ च्या मध्ये असेल तर पॅरासिटामॉल द्या, बसवून ठेवा, तासाभराने पुन्हा मोजा. तापामुळे नाडीही वाढलेली असते. ताप उतरल्यावरही ती शंभरच्या वर राहिली तर कारण शोधा: पाणी कमी पडलंय का, रक्तदाब कसा आहे, जंतुसंसर्ग शरीरभर पसरतोय का.

बाळांचे आकडे वेगळे आहेत आणि ते पाठच हवेत. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजून उपयोग नाही. आईला मांडीवर घेऊन शांत करू द्या, झबलं वर करा आणि उघड्या पोटा-छातीकडे बघा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, बाळ कण्हतंय का, हे कपड्यांवरून कधीच कळत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर बालरोगतज्ज्ञांनी बघितल्याशिवाय घरी पाठवू नका, बाळ कितीही हसरं दिसलं तरी.

आता ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र. बोट गरम हवं, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायला हवं. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावलेला असेल तर तो काढून किमान दहा मिनिटांनंतरचा आकडा खरा धरा. सावळ्या त्वचेत हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं. म्हणून काठावरच्या ९४ ला आपल्याकडे ९६ सारखं वागवू नका. घरी जाणाऱ्या मोठ्या माणसाचा आकडा साध्या हवेवर ९४ किंवा जास्त हवा, गरोदर बाईचा ९५ किंवा जास्त. जुन्या सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुना आजार) पेशंटचा नेहमीचा आकडाच कमी असतो, तिथे आधीच्या कागदांवरच्या आकड्याशी तुलना करा.

बसून ९५ आहे, एवढ्याने काम होत नाही. पेशंटला चालवा. कोविडच्या काळात सहा मिनिटं चालण्याची चाचणी आपल्याकडे घराघरांत पोहोचली होती, तीच कॅज्युअल्टीच्या व्हरांड्यात करा. ऑक्सिमीटर बोटाला, सपाट जागा, पेशंटच्या नेहमीच्या वेगाने, तुम्ही किंवा सिस्टर सोबत. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा सुरुवातीपेक्षा तीनहून जास्तने घसरला, किंवा चालता चालता दम लागून थांबावं लागलं, तर तो पेशंट ठेवून घ्या. छातीत दुखतंय, बसूनच धाप आहे किंवा चक्कर येतेय अशांना मात्र चालवू नका. त्यांचा निर्णय चालवण्याआधीच झालेला आहे. गर्दीच्या रात्री ही सहा मिनिटं काढणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. तरी काढा. बसल्या जागी शांतपणे बोलणारा आणि चालल्यावर ८८ वर जाणारा पेशंट दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या लवकर सापडत नाही.

पायरी ४: जोखीम कुणाला जास्त?

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या साथीत केंद्राने फ्लूच्या पेशंटांचे ए, बी आणि सी असे गट पाडले. ते आजही उपयोगी आहेत.

ए म्हणजे सौम्य ताप, खोकला, घसा. यांना फ्लूची चाचणी नको, ऑसेल्टामिविर नको, घरी आराम आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा विचारपूस. बीमध्ये दोन भाग: ताप जास्त आणि घसा फार दुखतोय असे, आणि दुसरे ज्यांना लक्षणं सौम्य असली तरी जोखीम जास्त आहे. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, ६५ च्या पुढचे, मधुमेह, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, हृदय, मूत्रपिंड, यकृत, कॅन्सर, एचआयव्ही, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, हे सगळे दुसऱ्या भागात येतात. यांना रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर सुरू करतात: मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनानुसार, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी. गरोदरपणातही हे औषध देतात, भीतीपोटी टाळू नका. सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब कमी, थुंकीतून रक्त, नखं निळी. सी गटाला दाखलच करायचं.

बीच्या दुसऱ्या भागातला पेशंट घरी जाऊ शकतो, पण दुसऱ्या दिवशी फोन आणि ४८ तासांत पुन्हा तपासणी ठरवूनच.

पायरी ५: घर कसं आहे?

इथे सगळ्यांत जास्त घाई होते. तपासणी उत्तम झालेली असते आणि घराबद्दल एकही प्रश्न विचारलेला नसतो.

विचारा: रात्री यांच्याजवळ कोण झोपतं? फोन कुणाच्या हातात असतो आणि तिथे रेंज असते का? रात्री दोनला गाडी कुठून येईल? इथून गाव किती लांब, वाटेत ओढा आहे का, पावसात तो ओलांडता येतो का? मेळघाटातल्या पाड्यावर राहणाऱ्या आणि रुग्णालयासमोरच्या गल्लीत राहणाऱ्या पेशंटचे आकडे अगदी सारखे असले तरी निर्णय सारखा असू शकत नाही. फडावर उतरलेले ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरचं कुटुंब, एकट्या राहणाऱ्या आजी, मुंबईत भाड्याच्या खोलीत आठ जणांसोबत राहणारा मुलगा: या सगळ्यांना ‘घरी आराम करा’ म्हणताना ते घर डोळ्यांसमोर आणा. शंका असेल तर सकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवा आणि पहिल्या एसटीने जाऊ द्या. मध्यरात्री एकट्या वृद्ध माणसाला रिक्षात बसवून देणं हा डिस्चार्ज होत नाही.

एका खोलीच्या घरात वेगळी खोली सांगून काय उपयोग? जमेल ते सांगा. पेशंटचं अंथरूण खिडकीपाशी, खिडकी उघडी. शेजारी झोपणाऱ्याचं डोकं उलट्या दिशेला. तान्ह्या बाळाजवळ आणि आजी-आजोबांजवळ जाताना मास्क. चुलीचा धूर, डासांची कॉइल, उदबत्ती पेशंटपासून लांब. फ्लू असेल तर औषध न घेता २४ तास ताप नाही तोपर्यंत शाळा आणि कामावर जायचं नाही. रोजंदारीवाल्याला हे सांगताना कामावर दाखवायला चिठ्ठी लागेल का, तेही विचारा आणि लिहून द्या.

वाफेबद्दल आवर्जून बोला. उकळत्या पाण्याचं पातेलं, वर चादर आणि मांडीवर मूल, यातून भाजलेली पोरं बर्न वॉर्डात येतात. लहान मुलांना वाफ द्यायचीच नाही, एवढं स्पष्ट सांगा.

पायरी ६: काय द्यायचं आणि काय नाही

पॅरासिटामॉल, पाणी, जेवण, झोप. यादी एवढीच असल्याने नातेवाईक नाराज होतात. ‘एक सलाईन तरी लावा’, ‘इंजेक्शन द्या म्हणजे लवकर उतरेल’. त्यांच्यावर चिडू नका. ते दिवसाची मजुरी बुडवून आलेत आणि हातात काहीतरी ठोस हवंय. तोंडाने पाणी जात असेल तर सलाईनने वेगळं काही होत नाही, हे खाली बसून, डोळ्यांत बघून सांगितलं की बहुतेकांना पटतं.

पॅरासिटामॉलचा हिशेब नीट करा. मोठ्यांना ६५० ची गोळी, किमान सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, म्हणून खिशातली पाकिटं बाहेर काढायला लावून वाचा. मुलांना एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम लागतात. बाटली पाच मिलीत २५० ची असेल तर ते ३ मिली होतात, १२५ ची असेल तर ६ मिली. ‘एक चमचा’ लिहिलंत तर घरी नेमकं किती जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. मिली लिहा आणि बाटलीच्या झाकणावर पेनाने रेघ मारून द्या.

डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळा. मुलांना ॲस्पिरिन कधीच नाही. खोकल्याचं सिरप पाच वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे देऊ नये आणि दोन वर्षांखाली अजिबात नाही, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री अर्धा-एक चमचा मध पुरतो. वर्षाच्या आत मधही नाही.

अँटिबायोटिक विषाणूवर काम करत नाही. न्यूमोनिया सापडला तर जरूर द्या, ‘सोबत असू दे’ म्हणून नको. आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. ताप चटकन उतरतो, पेशंट खूश होऊन जातो, म्हणून हे इंजेक्शन सर्रास टोचलं जातं. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत कोविडमध्ये त्याचा फायदा दिसला तो ऑक्सिजन लागणाऱ्यांना. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे इथल्या कान-नाक-घसा वॉर्डांना विचारा. दम्याचा किंवा सीओपीडीचा झटका ही वेगळी गोष्ट, तिथे स्टिरॉइड हेच औषध आहे.

मधुमेहींची साखर जाण्याआधी तपासा. तापात ती वाढते. इन्शुलिन स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही हे बजावा. उलट्या होत असतील किंवा खाणं थांबलं असेल तर मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तात्पुरत्या थांबवण्याबद्दल सीनियरना विचारा. दमेकऱ्यांचा पंप त्यांना तुमच्यासमोर ओढायला लावा. पंप रिकामा निघाला तर नवा हातात देऊनच पाठवा.

पायरी ७: कागद आणि पाच मिनिटांचं बोलणं

डिस्चार्ज कार्डवर इंग्रजीत निदान लिहिलं की तुमचं काम संपतं, पेशंटचं तिथून सुरू होतं. एक वेगळा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात द्या. मजकूर असा चालेल:

*यातलं एक जरी दिसलं तरी, रात्र असली तरी, लगेच या किंवा १०८ ला फोन करा:*

- बसल्या जागी धाप लागते, एक वाक्य सलग बोलता येत नाही
- ओठ किंवा नखं निळसर, काळपट दिसतात
- छातीत दुखतं, दडपण येतं, खोकल्यातून रक्त पडतं
- भलतंसलतं बोलतात, नीट जागे होत नाहीत
- पाणीही पोटात राहत नाही, लघवी फार कमी होते
- तीन दिवसांनीही ताप चढताच आहे, किंवा उतरून पुन्हा चढला
- बाळ निम्म्याहून कमी दूध पितंय, फासळ्या ओढतंय, कण्हतंय, आकडी आली
- गरोदर असाल तर: वरचं काहीही, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली

कागद वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून गोळ्या समजावा. मग त्यांनाच सांगायला लावा. ‘समजलं ना?’ असं विचारू नका, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. आजारी आजींसोबत आलेल्या सुनेला विचारायचं असं:

‘ताई, घरी गेल्यावर दादा विचारतील, डॉक्टर काय म्हणाले. काय सांगाल?’

‘आईंना धाप लागली तर सकाळी घेऊन यायचं.’

‘सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोनला लागली तर?’

‘मग दोनलाच आणायचं. शेजारच्यांची जीप आहे.’

‘आणि ती नसली तर?’

‘एकशे आठ.’

त्या पहिल्या उत्तरातलं ‘सकाळी’ बाहेर यावं यासाठीच हा प्रश्न असतो. ते बाहेर आलं नसतं तर कागद उशाखाली आणि आजी सकाळपर्यंत अंथरुणात राहिल्या असत्या. घरी ऑक्सिमीटर असेल तर तो कसा लावायचा आणि कोणत्या आकड्याला निघायचं, तेही याच वेळी दाखवा. रात्री जवळ झोपणारा माणूस समोर नसेल तर त्याला फोन लावून हेच सांगा.

पायरी ८: नोंद, फोन आणि परत येणारे

केस पेपरवर लिहा: आजाराचा पहिला दिवस, जाण्याआधीचा श्वासाचा वेग, साध्या हवेवरचा आणि चालल्यानंतरचा ऑक्सिजन, तोंडाने पाणी जातंय का, घरी सोबत कोण, कोणत्या सूचना कुणाला दिल्या. जास्त जोखमीच्या पेशंटांसाठी टेबलावर एक वही ठेवा. त्यात नाव, गाव आणि फोन नंबर. पेशंटचा फोन बंद असतो, सुनेचा किंवा मुलाचा चालू असतो, तो घ्या. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जो असेल त्याने फोन करायचा. विचारायचं एवढंच: बोलताना दम लागतोय का, काय खाल्लं-प्यायलं, ताप किती. फोन लागला नाही तर गावच्या आशाताईंना निरोप द्या.

ज्याला ठेवायचंय तो ‘घरी गाई-गुरं आहेत, जायलाच हवं’ म्हणतो, हेही होतं. धोका काय ते साध्या शब्दांत सांगा, त्याच्या घरच्या मोठ्या माणसाशी बोला, अडचण सोडवता येते का बघा. तरीही निघाला तर सही घ्या, पण औषधं, तो मराठीतला कागद आणि उद्याचा फोन हे सगळं त्यालाही द्या. सही घेतली म्हणून यातलं काही कमी होत नाही.

आणि कुणी परत आला तर ‘कालच तर बघितलं होतं’ हे वाक्य तोंडातून काढू नका. तुम्ही सांगितलं म्हणून ते आलेत. त्याला नवा पेशंट म्हणून पहिल्यापासून तपासा, श्वास पुन्हा मोजा, कालच्या आकड्यांशी ताडून बघा, एक्स-रे झाला नसेल तर करा. दाखल करण्याची तयारी कालच्यापेक्षा जास्त ठेवा, आणि सीनियरनी स्वतः येऊन बघितल्याशिवाय त्याला दुसऱ्यांदा घरी पाठवू नका.